एकच काडतूस

शस्त्रावर जीव जडावा का, हा प्रश्न एन.सी.सी.त दाखल झाल्यापासून मला छळतो आहे. आमच्या घरात शस्त्र म्हणजे विळी आणि कोयता. तरीही चांदमारीच्या मैदानावरची ती जुनी ०.२२ रायफल, एका वेळी एकच काडतूस घेणारी, मला मनापासून आवडली.

तिची घडण सैन्यातल्या जुन्या ०.३०३ रायफलीचीच. तोच लाकडी दस्ता, तोच बोल्ट. नळीचे छिद्र मात्र जेमतेम साडेपाच मिलिमीटरचे. खरी गंमत तिच्या पोटात आहे. काडतुसांची पेटी जागच्या जागी दिसते, पण ती रिकामी! काडतूस हाताने एकेक भरायचे. झाडल्यावर बोल्ट मागे ओढला की मोकळी पुंगळी त्या पेटीत पडते. पुढच्या गोळ्या साठवण्याची जागा झालेल्या गोळ्यांचा हिशेब ठेवते.

असल्या रायफलींचा इतिहास काही सोवळा नाही. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांच्या अचूक नेमाने इंग्रज सैन्य हैराण झाले. मग सामान्य नागरिकालाही नेम शिकवावा म्हणून इंग्लंडात छोट्या रायफलींचे क्लब निघाले; लॉर्ड रॉबर्ट्स यांनी त्यांचा हिरिरीने पुरस्कार केला. काडतूस स्वस्त, धक्का कमी आणि पंचवीस यार्डांची जागा पुरेशी. बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कारखान्याने त्यासाठी मार्टिनी पद्धतीच्या रायफली केल्या. खालचा दांडा ओढला की मागचा ठोकळा उतरतो; काडतूस सरकवायचे, दांडा वर घ्यायचा. भाग थोडे, म्हणून बिघाडही थोडा. त्यांतल्या कित्येक अजून चालतात. पण तयारी युद्धाचीच होती. ते विसरून नुसते लाकडाच्या झिलईचे कौतुक करणे मला अप्रामाणिक वाटते.

मग मला आवडते ते काय? तिचे थांबायला लावणे. बोल्ट उघडा, काडतूस भरा, गाल दस्त्याला टेकवा, श्वास अर्धा सोडून धरा, खटका हळूच दाबा. गोळी डावीकडे गेली तर ती श्वासाने गेली की बोटाने, याचा विचार पुढचे काडतूस भरेपर्यंत करावाच लागतो. भराभर गोळ्या सुटणाऱ्या बंदुकीत हा अवकाश कुठला?

ऑलिम्पिकमधल्या ५० मीटर स्पर्धेतही आज रायफल एकेक काडतूस भरण्याचीच लागते. तिथे दहा गुणांचे वर्तुळ असते १०.४ मिलिमीटरचे, शर्टाच्या गुंडीएवढे! आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला याच अंतरावर विश्वविजेत्या झाल्या. त्याच जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवले. त्या पदकांमागे मला अशा असंख्य थांबलेल्या क्षणांची रास दिसते.

अशी रायफल घरी असावी, असे मात्र मला कधी वाटले नाही. खेळण्यासारखी दिसली तरी तिची गोळी किलोमीटरभराहून लांब जाऊ शकते. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार तिलाही परवाना लागतो, हे योग्यच आहे. चांदमारी संपली की ती पुसून, मोजून कोतात जमा करावी. गोळी सोडण्यापूर्वी थांबण्याची सवय तेवढी आपल्याजवळ राहावी. ती जमा करून घेणारे कोत कुठेच नाही.