दाढांचे गाव

दात कोरून पोट भरत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. पण दातांवर पोट भरणारे एक अख्खे गाव मी डोळ्यांनी पाहिले. ते मेक्सिकोत आहे, आणि मला तिथे नेले ते माझ्या लेकीच्या दाढेने.

२०२३ च्या ऑक्टोबरात दसऱ्याच्या सुटीला जोडून रजा काढली आणि आम्ही उभयता तिच्याकडे अ‍ॅरिझोनात, फिनिक्सला गेलो. सौ.ने हौसेने चकल्या तळल्या. चहाबरोबर खाताना माझ्या ध्यानात आले, की पोर डाव्या बाजूनेच चावते आहे. वर्गात मुलांची तोंडे पाहण्यात माझा जन्म गेला. लपवलेले लगेच कळते.

"दाढ दुखते का गं?"

"थोडीशी. पुढच्या वर्षी बेळगावला आले की करून घेईन, बाबा."

थोडीशी म्हणजे सात महिने! तिथल्या डॉक्टरांनी रूट कॅनाल आणि कॅप मिळून अडीच हजार डॉलर सांगितले होते. म्हणजे आपले दोन लाखांच्या वर. दातांच्या विम्याला वर्षाची मर्यादा असते, ती शेजारच्याच दाढेने खाऊन टाकली होती. दर रविवारी फोनवर "मजेत आहे" म्हणणारी लेक एका गालाने जेवत होती, आणि आम्ही इथे लोकांना तिचे कौतुक सांगत होतो.

वाट दाखवली शेजारच्या एका निवृत्त आजोबांनी. अमेरिकेत ज्येष्ठांसाठी १९६५ च्या कायद्याने आलेली मेडिकेअर योजना आहे. पण नेहमीचे दंतोपचार तीत बसत नाहीत. म्हणून कितीतरी म्हातारी माणसे हिवाळ्यात सीमेपलीकडे लोस अल्गोदोनेसला जातात.

तीन तासांवर युमा, तिथून जवळच अँड्राडेचा नाका. क्वेचान या मूळ रहिवाशांच्या जमिनीवर गाडी ठेवायची आणि पायी पलीकडे जायचे. जाताना आम्हाला कोणी फारसे विचारले नाही. पाऊल टाकताच पाट्याच पाट्या : दातांच्या, चष्म्यांच्या, औषधांच्या. आपल्या स्टँडवर रिक्षावाले घेरतात, तशी माणसे गिऱ्हाइकांना बोलावत होती. काही हजार वस्तीच्या गावात शेकडो दंतवैद्य! 'मोलर सिटी', म्हणजे दाढांचे शहर, हे त्याचे टोपणनाव.

स्वस्ताईचे कोडे डॉक्टरांनीच उलगडले. जागेचे भाडे कमी, पगार कमी, आणि शिक्षणाच्या कर्जाचा तिकडच्यासारखा डोंगर डोक्यावर नाही. "मात्र पुढे काही बिघडले, तर पुन्हा इथेच यावे लागेल," हेही त्यांनी आधीच बजावले. पहिल्या दिवशी रूट कॅनाल, रात्री युमात मुक्काम, दुसऱ्या दिवशी कॅप. बिल सातशे डॉलरच्या आत.

डॉक्टरांच्या हाताखालची मुलगी फार छान इंग्रजी बोलत होती. मी सहज विचारले, "युमाला जातेस का कधी?"

"माझी मावशी राहते तिथे," ती म्हणाली. "सहा वर्षांत भेट नाही. मला व्हिसा मिळाला नाही."

परतताना उन्हात दीड तास रांगेत उभे होतो. लेकीच्या दुखण्याला जी सीमा पंधरा पावलांत ओलांडता आली, ती त्या पोरीला मावशीसाठी ओलांडता येत नव्हती. आम्हीही सीमेवरचीच माणसे. १ नोव्हेंबर १९५६ पासून आमचे भांडण चालू आहे, ते मिटलेले नाही. तणाव वाढला की बसगाड्या बंद पडतात. करोनात, २०२१ साली, नाक्यावर तपासणीचे अहवाल मागत. तरीही चंदगडचा रोगी बेळगावला येतो. माझ्या आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया मिरजेला झाली, तेव्हा तिला कोणी राज्य विचारले नव्हते. मावशीकडे जायला आम्हाला कोणाचा शिक्का लागत नाही. ही आपली केवढी मोठी मिळकत आहे, हे मला त्या रांगेत प्रथम उमगले.

आठवडाभराने लेकीने उजव्या बाजूने चकली फोडली. तिचा आवाज ऐकून सौ.ने डोळ्यांना पदर लावला.

अजूनही रविवारी फोन येतो. "मजेत आहे, बाबा," ती म्हणते. मी विचारतो, "कुठल्या बाजूने चावतेस?"