वाट रोह्याची, वाट मोटारीची

माझे माहेर रोह्याचे. सासर आणि नोकरी डोंबिवलीची. या दोन गावांना जोडणारी गोष्ट म्हणजे दिवा-रोहा गाडी, आणि गेली वीस वर्षे माझ्या माहेरपणाचा सारा कारभार तिच्याच हाती आहे. दिव्याला धक्के खावेत, तळोज्यापर्यंत उभे राहावे, पनवेलला टेकायला जागा मिळावी, आपटा गेले आणि बाहेर भातशेते दिसू लागली की डबा उघडावा, आणि नागोठणे मागे पडले की उगीचच केस सारखे करावेत, हा माझा क्रम. रोह्याहून पुढे कोकण रेल्वे सुरू होते आणि सुमारे ७४० किलोमीटर धावून मंगळुरूपाशी थांबते. पण आमच्या लहानपणी ती नव्हती. हिंदुस्थानची रेल्वे रोह्याला येऊन संपते, अशी आमची प्रामाणिक समजूत होती आणि तिचा आम्हांला थोडा अभिमानही होता.

मला गाडी पुरते. प्रश्न आईचा आहे. वडील गेल्यापासून ती रोह्यात एकटी राहते. वय पंच्याहत्तर. गुडघ्यांनी संप पुकारल्याला चार वर्षे झाली. एस.टी.ची पायरी तिला उंच पडते आणि रेल्वेची तर त्याहून उंच. तेव्हा आता आपली एक मोटार असावी, असा ठराव आमच्या घरात २०२५च्या प्रारंभी मंजूर झाला. मोटार विजेची असावी, ही उपसूचना चिरंजीवांची. तीही मंजूर झाली. आणि नेमका येथेच सारा घोटाळा झाला.

कारण त्याच जानेवारीत दिल्लीच्या प्रदर्शनात पुण्याच्या एका कंपनीने ‘इव्हा’ नावाची चिमुकली मोटार मांडली. डोक्यावर सूर्यफलक, पोटात बॅटरी आणि किंमत सव्वातीन लाखांपासून पुढे! अर्थात त्या किमतीत बॅटरी धरलेली नव्हती. तिचे भाडे किलोमीटरला दोन रुपयांप्रमाणे निराळे. लहान बॅटरी घेतली तर एका दमात १२५ किलोमीटर, मोठी घेतली तर २५० किलोमीटर, असा कंपनीचा दाखला होता. मोटारी २०२६त लोकांच्या हाती पडतील, असेही तेव्हा सांगितले गेले. आमचे हे पेशाने हिशेबनीस. त्यांनी एक वही घातली आणि पहिल्या पानावर लिहिले, ‘थांबणे श्रेयस्कर.’

त्यांचे म्हणणे चूक होते असे मी आजही म्हणणार नाही. विजेच्या मोटारी वर्षागणिक सुधारत आहेत. आज घ्यावी आणि उद्या तिच्याहून स्वस्त नि लांब पल्ल्याची निघावी, असे प्रत्यक्ष घडत आले आहे. २०२० साली टाटांची विजेवरची नेक्सॉन आली तेव्हा ती आमच्यासारख्यांनी काचेतून पाहण्याची वस्तू होती. २०२२च्या सप्टेंबरात त्यांचीच टियागो साडेआठ लाखांच्या आत सुरू झाली. हा उतार पाहिला की आणखी थोडे थांबावे असे कोणालाही वाटेल. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे घराणे रोह्याचे. तेव्हा रोह्याच्या जावयाने पैशाच्या बाबतीत इतकी सावधगिरी बाळगावी हे रीतसरच झाले. फक्त त्या वहीत आईच्या गुडघ्यांसाठी रकाना नव्हता.

श्रावणात एक योग आला. यांच्या एका मित्राकडे टियागो आहे. तो म्हणाला, “शनिवार-रविवार घेऊन जा. वहीत काय लिहायचे ते चालवून लिहा.”

शनिवारी दुपारी आम्ही निघालो. मोटार सुरू झाली की नाही हे कळायला पहिली पाच मिनिटे गेली, कारण तिला आवाजच नाही! यांचे लक्ष रस्त्याकडे कमी आणि समोरच्या काचेवरील टक्क्यांकडे अधिक. कंपनीच्या कागदावर या मोटारीचा पल्ला ३१५ किलोमीटर आहे. मित्राच्या अनुभवाने एकशेनव्वद. कागदावरचे किलोमीटर आणि रस्त्यावरचे किलोमीटर यांत लग्नातल्या आणि संसारातल्या फोटोइतका फरक असतो, हे तो हसत हसत सांगून गेला होता.

मुंबई-गोवा रस्त्याबद्दल मी काही लिहीत नाही. ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांचा विश्वास बसणार नाही. पेणमध्ये मात्र थांबलो. गणपती तोंडावर आलेले. कारखान्यांतून, पडव्यांतून, जिन्याखालीसुद्धा मूर्ती; काही पांढऱ्या, काही नुसत्या पिवळ्या पीतांबरापर्यंत रंगलेल्या. डोळ्यांची आखणी शेवटी होते. पुढच्या वर्षी अधिक सुबक मूर्ती निघेल म्हणून या वर्षी गणपती न आणणारा गृहस्थ मी अजून पाहिलेला नाही, असे मी यांना म्हटले. त्यांनी उत्तर दिले नाही. वालाची किलोभर पुडी घेतली.

नागोठण्याहून भिसे खिंडीतून उतरताना एक गंमत झाली. उतारावर ही मोटार चाकांच्या फिरण्यातून वीज काढून बॅटरीत परत भरते. टक्का एकाने वाढला! यांचा चेहरा असा उजळला की जणू व्याज जमा झाले. अष्टमी ओलांडून कुंडलिकेच्या पुलावर आलो तेव्हा बेचाळीस टक्के उरले होते. नदी गढूळ आणि दोन्ही काठ भरून वाहत होती.

या पाण्याची एक हकीकत आहे. पलीकडे सह्याद्रीच्या माथ्यावर मुळशीचे धरण आहे. तेथे अडवलेले पाणी मुळात मुळा नदीचे, म्हणजे पूर्वेकडे पुण्याच्या अंगाने जाणारे. टाटांनी ते बोगद्यातून आणि नळांतून पश्चिमेला भिरा येथे खाली सोडले आणि १९२७ साली वीज काढली. ती गेली मुंबईला, गिरण्यांना आणि आगगाड्यांना. त्या धरणात मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या. त्यांच्यासाठी १९२१ पासून मुळशी सत्याग्रह झाला आणि त्यातूनच पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले. चक्रे फिरवून झालेले पाणी आजही कुंडलिकेला मिळते. कोलाडला सकाळी रबरी होड्यांतून किंचाळत जाणारी शहरी तरुण मंडळी त्याच पाण्यावर तरंगतात. वीज मुंबईला, पाणी रोह्याला, अशी ही वाटणी शंभर वर्षांची व्हायला आली.

हे आठवण्याचे कारण असे की, संध्याकाळी सात वाजता विहिरीच्या पंपाच्या बटणाला आम्ही मोटार जोडली आणि साडेआठला रोह्याची वीज गेली. अठ्ठावन्न टक्क्यांवर काटा थांबला. हे बॅटरी घेऊन तीनदा अंगणात जाऊन आले. आईने कंदील लावला आणि म्हणाली, “सकाळपर्यंत येईल. पाऊस आहे ना.”

जेवताना यांनी तिला इव्हाची सगळी माहिती दिली. सूर्यफलक, किंमत, भाडे. तिने लक्षपूर्वक ऐकले.

“किती माणसे बसतात?”

“दोन मोठी आणि एक लहान.”

“मग मी लहानात की मोठ्यांत?” हे जरा गडबडले. तिनेच पुढे विचारले, “केव्हा मिळेल म्हणता?”

“वर्ष-दीड वर्ष, आई. थांबलो तर दोन-तीन लाख वाचतील.”

“चांगले आहे की.” तिने त्यांना आणखी भात वाढला. मग म्हणाली, “ह्यांनी चेतक नोंदवली होती. चौऱ्याहत्तर साली. चौलला बाबांचे आजारपण होते. मला दर रविवारी नेऊन आणायचे असे ह्यांच्या मनात. नंबर लागला एक्याऐंशीला. बाबा एकोणऐंशीत गेले. स्कूटर मात्र छान होती, वीस वर्षे चालली.”

मला ती स्कूटर आठवते. निळी होती. तिच्यावर पुढे उभी राहून मी शाळेत जात असे. आकुर्डीत बनणाऱ्या त्या चेतकसाठी त्या काळी महाराष्ट्रभर मध्यमवर्ग असाच ताटकळत असे, पैसे भरून, पावती ट्रंकेत जपून. वडील कोणती वाट पाहत होते, हे मात्र मला त्या रात्री प्रथम कळले. आईच्या सांगण्यात तक्रार नव्हती. तिने ताक हवे का विचारले आणि ती आत गेली.

सकाळी मी म्हटले, “आज आईला चौलला न्यायचे.” वीज आठला आली होती, निघायची वेळही तीच. यांनी वही काढली: चौल जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर, म्हणजे एक्केचाळीस टक्के; परत येऊ तेव्हा सतरा उरतील; डोंबिवलीला सत्तावन्न लागतात. मी म्हटले, “सोमवारी माझा पहिला तास साडेसातला आहे हेही लिहा आणि चला.” त्यांनी वही मिटली आणि पुढचे दार उघडून आईच्या पायांखाली उशी ठेवली.

आई चौलला अकरा वर्षांनी जात होती. साळावच्या पुलावर खाडीचा वारा लागला तशी तिने काच खाली करायला सांगितली. रेवदंड्याच्या पोर्तुगीज तटातून रस्ता आत शिरला, बाहेर पडला. मग दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या. रामेश्वराच्या पुष्करणीपाशी तिने हात जोडले. उतरली नाही, पायऱ्या ओल्या होत्या. घर मात्र तिने आधी ओळखले, आम्ही पुढे जात होतो. ओटीवर मामी बसल्या होत्या, ब्याऐंशी वर्षांच्या, कानांनी अधू.

“कशाने आलीस ग?”

“विजेवर!” आई ओरडली.

मामींनी आभाळाकडे पाहिले आणि म्हणाल्या, “मग लवकर नीघ. गेली की अडकशील.”

त्या दोघी दीड तास बोलत होत्या. एकीला ऐकू येत नव्हते आणि दुसरीला चालता येत नव्हते, पण जाऊन पाहिले पाहिजे असे बरेच काही होते. विहिरीवरचा रहाट काढून टाकल्याचे आईला पाहायचेच होते. मामेभाऊ आणि हे अशा दोघांनी तिला धरून तेथवर नेले.

परत रोह्याला आलो तेव्हा सतराच्या जागी एकोणीस टक्के होते. हिशेबनीसाची एवढी चूक मी क्षमा केली. जेवून चारला निघालो, वाटेत पेणजवळ एका हॉटेलापाशी जलद भरणी करून घेतली. पाऊण तास लागला. हे चहा पीत गप्प बसले होते. मग म्हणाले, “तो मित्र ही मोटार काढणार आहे, माहीत आहे? त्याला मोठी घ्यायची आहे. अडीच वर्षे वापरलेली. इव्हाहून फार महाग पडणार नाही.”

तो सौदा झाला. हप्ते आहेत, आणि बॅटरी आठ-दहा वर्षांनी काय म्हणेल ही चिंताही आहे. ती वहीत निराळ्या पानावर आहे. मोटार मात्र अजून आमच्या इमारतीखाली लागलेली नाही. तळमजल्यावर चार्जिंगचे बटण बसवण्यास परवानगी मिळावी, असा अर्ज मी स्वतः लिहिला. वीस वर्षे मराठी शिकवल्यानंतर एक अर्ज बिनचूक लिहिता यावा एवढी माझी अपेक्षा. पण तो ‘मुद्देसूद नाही’ म्हणून परत आला. आता दुसरा समितीपुढे आहे. तोवर मोटार मित्राच्याच आवारात राहते आणि आम्ही रिक्षाने तिच्याकडे जातो.

रोह्याला आईने मात्र वायरमन बोलावून पडवीत पंधरा अँपिअरचे बटण बसवून घेतले आहे. आणि चौलला पुन्हा केव्हा, असे मामींनी फोनवर दोनदा विचारल्याचे ती सांगत होती.