गृहीत धरलेले काठिण्य

‘गृहीत धरणे’ या मराठी शब्दप्रयोगाला दोन अर्थ आहेत, आणि त्या दोहोंचे एकमेकांशी फारसे सख्य नाही. भूमितीच्या वहीत आपण एखादे विधान गृहीत धरतो, तेव्हा ते सिद्ध केलेले नाही हे उघडपणे मान्य करून पुढे जातो. घरात मात्र ‘मला गृहीत धरू नका’ असे कुणी म्हणते, तेव्हा तक्रार नेमकी उलट असते : न विचारता, न सांगता तुम्ही माझ्यावर विसंबलात. साहित्य शिकवण्यात ज्यांची हयात गेली अशा आम्हांस गुप्तलेखनाच्या गणिताकडे वळण्याचे तसे कारण नव्हते. पण गेली काही वर्षे जमेल तसे वाचत असता हे दोन्ही अर्थ आमच्यासमोर येऊन उभे राहिले आहेत.

पूर्वी सांकेतिक पत्र लिहायचे तर दोघांकडे एकच किल्ली असावी लागे, आणि ती आधी कुठेतरी भेटून, किंवा विश्वासू दूताहाती, पोचवावी लागे. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी असे दाखवले की, कधीही न भेटलेली दोन माणसे भर बाजारात, सर्वांना ऐकू जाईल असे बोलूनही एक गुपित ठरवू शकतात. आकडेमोड शाळकरी आहे. समजा, ५ आणि २३ या संख्या सर्वांना ठाऊक आहेत. एकीने मनात ६ धरला, ५ चा सहावा घात काढला, त्याला २३ ने भागले आणि उरलेली बाकी, ८, जाहीर केली. दुसऱ्याने मनात १५ धरला आणि त्याच रीतीने आलेली बाकी, १९, जाहीर केली. आता पहिलीने १९ चा सहावा घात आणि दुसऱ्याने ८ चा पंधरावा घात घेऊन २३ ने भागले, की दोघांच्याही हाती बाकी २ उरते. हा २ कुणीही उच्चारलेला नाही. चोरून ऐकणाऱ्याला तो हवा असेल, तर ८ वरून मनातल्या ६ पर्यंत उलट जावे लागेल. संख्या एवढ्या लहान असतील तर ते क्षणाचे काम. पण त्या सहाशे अंकी असल्या, की सुलट जाणे सोपेच राहते आणि उलट येण्याची व्यवहार्य वाट आजच्या संगणकांवर कुणाला माहीत नाही.

पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी ‘अवयव पाडा’ या आपणा सर्वांना शाळेपासून परिचित असलेल्या प्रश्नावर दुसरी पद्धत उभारली. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार जगजाहीर करावा. त्या दोन संख्या मात्र स्वतःजवळ ठेवाव्यात. १८०१ साली गाउसने मूळ संख्या ओळखणे आणि इतर संख्यांचे मूळ अवयव पाडणे, हे दोन्ही प्रश्न अंकगणितातील अत्यंत महत्त्वाच्या प्रश्नांत गणले होते. त्यांपैकी पहिल्याचे, कोणत्याही असिद्ध गृहीतकाचा आधार न घेणारे जलद उत्तर २००२ साली कानपूरच्या आयआयटीत मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिले. दुसरा प्रश्न आहे तिथेच आहे, आणि आमच्या बँकेचे व्यवहार तो तिथेच राहावा या भरवशावर बराच काळ चालत आले आहेत.

येथे ज्या गोष्टीने आम्हांस थांबवले ती अशी : हे काठिण्य सिद्ध झालेले नाही. अवयव पाडण्याची सोपी रीत अस्तित्वातच नाही, असे कुणीही दाखवलेले नाही. अनेक बुद्धिमान माणसांनी दीर्घकाळ प्रयत्न केला आणि त्यांना ती सापडली नाही, एवढाच पुरावा. म्हणजे ज्ञानाच्या एवढ्या मोठ्या इमारतीचा पाया एका सामुदायिक अपयशाचा आहे.

अशा अपयशाचे आयुष्य किती, हे सांगणे धोक्याचे असते. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज तर्कशास्त्रज्ञाने १८७४ च्या आपल्या ग्रंथात ८६१६४६०७९९ ही संख्या देऊन, ती कोणत्या दोन संख्यांच्या गुणाकारातून आली हे आपल्यावाचून कुणाला कधी कळेल असे वाटत नाही, अशा आशयाचे विधान केले. त्या संख्या आहेत ८९६८१ आणि ९६०७९. आज खिशातला फोन निमिषात त्या काढून देतो. १९७७ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये १२९ अंकी संख्येचे आव्हान दिले गेले, तेव्हा लागणाऱ्या वेळाचा अंदाज विश्वाच्या वयाहून कितीतरी मोठा होता. १९९४ साली सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी आपापले संगणक जुंपून ती फोडली.

त्याच १९९४ साली पीटर शोर यांनी दाखवले की, पुरेसा मोठा क्वांटम संगणक बांधता आला तर अवयव आणि घातांक हे दोन्ही प्रश्न सोपे होतील. तसा संगणक अजून झालेला नाही. तरी अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१६ पासून नव्या पद्धतींचा शोध आरंभला, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये पहिली तीन मानके प्रसिद्ध केली. त्यांपैकी किल्ली ठरवण्याचे मानक शेकडो मितींच्या जालकांतील प्रश्नांवर उभे आहे. तेही गृहीतकच. या शोधात ‘साईक’ नावाची एक पद्धत पुढील फेरीसाठी निवडली गेली होती. तिचे मूळ २०११ मधले. निवड झाली २०२२ च्या जुलैत, आणि तो महिना संपता संपता वाउटर कास्ट्रिक आणि थॉमस डेक्रू यांनी ती साध्या संगणकावर सुमारे तासाभरात मोडून दाखवली. हत्यार होते अर्न्स्ट कानी यांचे १९९७ चे एक प्रमेय, शुद्ध भूमितीच्या कपाटात पंचवीस वर्षे पडून असलेले.

वाचक म्हणतील, मग या शास्त्राचा भरवसा काय? आम्हांस मात्र येथेच त्याचा मोठेपणा जाणवतो. या शास्त्रातील प्रमेय ‘अमुक प्रश्न कठीण असेल, तर तमुक पद्धत सुरक्षित आहे’ अशा जर-तरच्या भाषेत बोलते, आणि प्रत्येक ‘जर’ला नाव असते. साईक कोसळली तेव्हा काय कोसळले आणि काय उभे राहिले, हे सांगता आले. त्याच कुळातील ज्या पद्धती वेगळ्या गृहीतकावर होत्या, त्या वाचल्या. पद्धत उघड असावी, गुप्त असावी ती फक्त किल्ली, हे तत्त्व १८८३ साली मांडणारे ऑग्युस्त केर्कहॉफ्स हे भाषांचे अध्यापक होते, याचा आम्हांस थोडा अभिमानही वाटतो. आमच्या समीक्षेत मात्र ‘जर’ क्वचितच लिहिला जातो. ‘अभिजात’, ‘अस्सल’, ‘कालातीत’ हे शब्द आम्ही घरातल्या अर्थाने गृहीत धरतो, आणि ते कोसळतात तेव्हा नेमके काय पडले हेच कळत नाही.

हे सारे आम्हांस केवळ तात्त्विक राहिले नाही. एका दिवंगत लेखकाच्या घरच्यांनी त्यांचा खासगी पत्रव्यवहार संपादनासाठी देऊ केला, तो एका अटीवर : पत्रांत उल्लेखिलेली माणसे हयात असेतोवर, म्हणजे चाळीस वर्षे, त्यातला काही भाग कुणाच्या दृष्टीस पडू नये. परदेशी असलेल्या सहसंपादकांकडे पत्रांची छायाचित्रे इंटरनेटवरून पाठवायची होती. “सर, पाठवलेलं सुरक्षित राहील ना?” असे लेखकाच्या कन्येने विचारले. आज चोरलेला मजकूर वाचता आला नाही तरी साठवता येतो. किल्ली पुढे कधी सापडली, तर तो त्या दिवशी वाचता येईल. गेलेल्यांची पत्रे उघडण्यावर ज्यांचा चरितार्थ चालतो, त्या आम्हांस ही युक्ती परकी कशी वाटावी? आम्हीही थांबूनच वाचतो.

आम्ही त्यांना म्हणालो, “ताई, आज हे कुणाला वाचता येणार नाही, असं यातले जाणकार मानतात. तसं मानायला त्यांच्याकडे चांगली कारणं आहेत. पण चाळीस वर्षांचं वचन गणितही देत नाही, तर आम्ही कुठून देणार?”

त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. मग पत्रांचे दोन गठ्ठे केले. थोरला आमच्या हाती दिला, आणि धाकटा, आजारपणाच्या काळातला, पुन्हा पेटीत ठेवला.