पेशींना दिशा कोण सांगते?

प्लॅनेरिया या चपट्या कृमीचे डोके छाटले, तर दोन आठवड्यांच्या आत मेंदू आणि डोळ्यांसह नवे डोके येते. छाटलेल्या भागातूनही अख्खा प्राणी घडतो. शरीराच्या २७९व्या हिश्श्याएवढ्या तुकड्यातूनही पूर्ण कृमी तयार होऊ शकतो, असा अंदाज टी. एच. मॉर्गन यांनी १८९८ मध्ये मांडला होता. याचे श्रेय सहसा ‘निओब्लास्ट’ या मूलपेशींना दिले जाते, आणि त्याला भक्कम आधारही आहे. किरणोत्सर्गाने सगळे निओब्लास्ट मारलेल्या कृमीत एकच निरोगी निओब्लास्ट सोडला, तरी त्याच्या वंशजांनी काही कृमींचे सगळे शरीर नव्याने भरून काढले, हे २०११ मध्ये सिद्ध झाले. तरीही माझ्या मते पुनर्जननाचे खरे कोडे वेगळे आहे. कोणताही अवयव घडवू शकणाऱ्या पेशीला, इथे डोके हवे की शेपटी, हे कळते कसे?

२००८ मध्ये याचे उत्तर हाती आले. ‘विंट’ या संदेशप्रणालीतले बीटा-कॅटेनिनचे जनुक बंद पाडले, की शेपटीच्या जखमेवरही डोके उगवते. निओब्लास्ट तेच, फक्त संदेश बदलला. मग जखमच दिशा ठरवते, असे म्हणता येईल का? तसे म्हणता येत नाही. विंट-१ हे जनुक जखम पुढची असो वा मागची, दोन्हीकडे जागे होते. त्याला आवर घालणारे ‘नोटम’ मात्र मुख्यतः पुढे तोंड असलेल्या जखमेवरच. म्हणजे आपली पुढची बाजू कोणती, हे उरलेल्या ऊतीला आधीपासून ठाऊक असते. ही स्थाननिश्चिती करणारी जनुके प्रामुख्याने स्नायूपेशींत व्यक्त होतात. किरणोत्सर्गाने निओब्लास्ट संपवलेल्या कृमीला कापले, तरी स्नायूंतला हा आराखडा नव्याने आखला जाऊ लागतो.

आराखडाच सर्वस्व असेल, तर निओब्लास्ट गमावलेला कृमी का मरतो, हा आक्षेप रास्त आहे. बांधणारे हात नसतील तर आराखडा निरुपयोगी, हे मला मान्यच आहे. पण नुसते हात असूनही भागत नाही, याचा पुरावा युरोपातल्या डेंड्रोसीलम लॅक्टियम या कृमीत मिळतो. निओब्लास्ट असूनही त्याच्या मागच्या अर्ध्या भागाला डोके फुटत नाही. बीटा-कॅटेनिन रोखताच त्याच तुकड्यांना डोके आले, हे २०१३ मध्ये दिसले. क्षमता होतीच; चुकीचा संदेश तिला अडवून होता.

माणसाचे शरीर कृमीइतके सोपे नाही, आणि या प्रयोगांवरून थेट उपचार निघणार नाहीत. पण निकामी झालेल्या अवयवात मूलपेशी सोडल्या की काम झाले, या समजुतीला ते छेद देतात. त्या पेशींना आपली जागा सांगणारी ऊती तिथे शाबूत आहे का, हेही उपचार करणाऱ्याला आधी तपासावे लागेल.