एका खोलीचा संसार

सरावलीहून डहाणूच्या स्टेशनाकडे येताना जुन्या वळणाचे एखादे वारली घर दिसले, तर क्षणभर थांबून पाहावे. कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने सारवलेल्या भिंती आणि आत फारशी न विभागलेली जागा! आपल्यासारख्या शहरी माणसाला ते घर लहानच वाटेल. परंतु त्या घराला अंगण असते. दळणकांडण, मुलांचे खेळ, पाहुण्यांच्या गप्पा, सारे बाहेर. घर लहान, संसार मोठा!

हाच संसार अंगणावाचून कसा होतो, हे पाहायचे तर डहाणूहून गाडीत बसून मुंबईस यावे आणि वरळीच्या बी. डी. डी. चाळींत शिरावे.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा गिरण्यांची भरभराट होती. कोकणातून, घाटावरून माणसांचे लोंढे येत होते. १९२१ च्या खानेसुमारीत शहराची वस्ती पावणेबारा लाखांवर गेली होती. परळ-लालबागच्या चाळींत एकेका खोलीत एकाच गावचे दहा-दहा गडी राहत. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागेवर पथारी टाकी. जेवण खानावळवालीकडे, ट्रंक भिंतीशी, बायको गावाला.

सर जॉर्ज लॉइड त्या वेळी गव्हर्नर होते. १९२० मध्ये त्यांच्या सरकारने डेव्हलपमेंट खाते काढले, मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीवर रुपया कर बसवला आणि पन्नास हजार खोल्यांचा संकल्प सोडला. प्रत्यक्षात उभ्या राहिल्या २०७ चाळी : वरळीस १२१, नायगावास ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीस १२. चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. मधून लांबच लांब बोळ, संडास सामाईक.

आणि मग मोठे नवल घडले. परळला माणसांवर माणसे रचलेली असताना वरळीच्या कितीतरी खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या! गिरणीच्या भोंग्याबरोबर फाटकाशी हजर व्हायचे, तर लांबून यायचे कसे? भाडे द्यायचे कशातून? उधारी देणारा वाणी आणि गाववाले तर मागेच राहिलेले. सरकारने खोल्या मोजल्या, कामगाराची पावले आणि त्याचा पगार मात्र मोजला नाही. सविनय कायदेभंगाच्या काळात तुरुंग अपुरे पडले, तेव्हा सरकारने सत्याग्रही ठेवले ते वरळीच्या याच चाळींत. घर म्हणून जे फसले ते कारागृह म्हणून चालले, याहून बोचक टीका कोणी केली असती?

पुढे मात्र माणसांनीच त्या भिंतींना घरपण दिले. खोल्या भरल्या, बोळाचे अंगण झाले. तिथे पापड वाळले, अभ्यास झाले, दिवाळीचे कंदील लागले. दारे दिवसभर उघडीच.

आता त्या चाळी एकेक करून पडत आहेत. २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या काही कुटुंबांना नव्या उंच इमारतींत ५०० चौरस फुटांची घरे मिळाली. शंभर वर्षांच्या दाटीनंतर हे सुख त्यांच्या हक्काचेच आहे. घरातच संडास आणि म्हाताऱ्यांना निजायला वेगळी खोली, ही काही चैन नव्हे. पण घर बांधणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चौरस फूट भिंतींच्या आतले मोजतात. माणूस जगतो तो उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना.