‘आम्हाला कशाला?’ म्हणणारीसाठी

चि. वैशाली,

निफाड तालुक्यातल्या उपकेंद्रावर रुजू झालीस, आनंद वाटला. परवा म्हणालीस, एचआयव्हीच्या तपासणीचं नाव काढलं की बायका म्हणतात, ‘आम्हाला कशाला? आम्ही काय तसल्या आहोत का?’ फोनवर धड बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. छापायलाही देते, तुझ्या मैत्रिणी वाचतील.

पुण्याच्या ‘नारी’ या एड्स संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी १९९७ सालीच त्याचं उत्तर दिलंय. गुप्तरोगाच्या दवाखान्यात आलेल्या, देहविक्री न करणाऱ्या बायकांपैकी १३.६ टक्के जणींना लागण सापडली. बहुतेकींचा नवऱ्याखेरीज कुणाशी संबंध आलेला नव्हता. तरी आजही बाईची जोखीम ठरते ती फक्त तिच्या चालचलनावरून. अर्थात, मुंबई-आग्रा रस्त्यावरचा प्रत्येक ड्रायव्हर संशयित धरू नकोस. ती दुसरी चूक.

आता लागण टाळणारी ‘प्रेप’. टेनोफोविर आणि एम्ट्रिसिटाबिनची एकत्र गोळी, लागण नसलेल्या माणसाने रोज घ्यायची. अमेरिकेत २०१२ साली मंजूर झाली. केनिया-युगांडात, जोडप्यातल्या एकालाच लागण असलेल्यांवर चाचणी झाली, तेव्हा दुसऱ्याला होणारी लागण ७५ टक्क्यांनी घटली. सुरू करण्याआधी एचआयव्ही, मूत्रपिंड आणि हिपॅटायटिस बी तपासायचं. काही पुरुष संबंधाच्या आगेमागे तेवढ्यापुरती घेतात. ती पद्धत बाईला चालत नाही, तिने रोजच घ्यायची. आणि नवऱ्याची लागण माहीत असेल, तर आधी त्याची एआरटी, म्हणजे विषाणू दाबणारी औषधं, नीट सुरू आहेत ना ते बघ. रक्तातला विषाणू दबून राहिला की त्याच्याकडून लागण होत नाही.

गोळी जिथे आधी निघाली तिथेही ती बायकांपर्यंत पोचली नाही गं. अमेरिकेत बायकांमधल्या नव्या लागणींत निम्म्याच्या आसपास कृष्णवर्णीय. पण प्रचार मुख्यतः समलिंगी पुरुषांकडे बघून झाला, आणि डॉक्टरांनी या बायकांपुढे विषयच काढला नाही. आपल्याकडे नॅकोने, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने, प्रेपच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, गोळ्या तर भारतीय कंपन्याच बनवतात. पण एआरटी जशी २००४ पासून सरकारी केंद्रात फुकट मिळते, तशी ही सर्रास मिळत नाही. विकत घ्यायची तर पैसे नवऱ्याकडे मागायचे, आणि डबी सासूच्या नजरेला पडली तर कसल्या गोळ्या म्हणून काय सांगायचं? मला खरी अडचण हीच वाटते.

म्हणून लेनाकापाविर या लागण टाळणाऱ्या इंजेक्शनकडे माझं लक्ष आहे. सहा महिन्यांतून एकदा सुई, घरात डबी नाही. दक्षिण आफ्रिका-युगांडातल्या चाचणीत ती घेतलेल्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. हे २०२४ साली जाहीर झालं. हैदराबादच्या दोन कंपन्या २०२७ पासून वर्षाला सुमारे ४० डॉलरला ती गरीब देशांना देणार आहेत.

तोवर तुझ्या हातात आहे ते विचारणं. सासू बाहेर बसलेली असताना विचार. नवरा महिनोन्‌महिने कुठे असतो, निरोध वापरतो का, त्याची तपासणी झाली का. मग सिव्हिलच्या आयसीटीसीला, म्हणजे तपासणी-समुपदेशन केंद्राला पाठव, किंवा एड्स हेल्पलाइनचा १०९७ हा फुकटचा नंबर दे.

आणि संबंध होऊन गेला असेल, जबरदस्ती झाली असेल, तर प्रेप नाही, ‘पेप’. ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू करायच्या, जितकं लवकर तितकं बरं, आणि पुढे २८ दिवस घ्यायच्या. रात्री दार वाजवणारीला ‘सकाळी या’ म्हणू नकोस.

तुझी,
मावशी