हे ठिगळ कुणाचं?

उन्हाळ्यात भाटघर धरणाचं पाणी उतरलं की वेळवंडीच्या खोऱ्यात कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं आणि ते बघायला पुण्याहून गाड्या येतात. त्याच्यावर पुष्कळांनी लिहिलंय. मला आठवतं ते त्याच खोऱ्यातलं आत्याचं घर. यंदा ते पाडलं, आता तिथं स्लॅब पडेल. घराचं एक वेळ जाऊ द्या. पण पाडताना माळ्यावरच्या गोधड्या काढून सिमेंटच्या पोत्यांवर टाकल्या, वळवाचा पाऊस लागू नये म्हणून. ते काही मनातून जात नाही.

पावसाळ्याआधी दुपारची भांडी उरकली की आत्या ओसरीवर जुनी लुगडी अंथरायची, चार कोपऱ्यांवर चार दगड. शेजारणी आपापली सुई घेऊन यायच्या. कडेनं धावदोरा धरायचा आणि फेरे घेत आत सरकायचं. सुईत दोरा ओवून देणं माझ्याकडे, बायांना नेढं दिसायचं नाही. एका दुपारी आत्यानं माझ्या आजीचं हिरवं लुगडं फाडायला घेतलं. काठाला दात लावला आणि तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "आईचं हाय. मधी घालू, म्हंजी झिजायचं न्हाई." गोधडी आधी कडेनं विरते. कडेला तिनं सासऱ्यांचं धोतर लावलं. त्यांच्याशी तिचं कधी पटलं नव्हतं.

पण त्यांची गोष्टही तिनंच सांगितली. 1928 साली धरण पुरं झालं. पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणकडे गेलं, आणि इथली माणसं चंबूगबाळं उचलून वर सरकली. सासऱ्यांचं जन्मघर पाण्याखाली गेलं. त्या घरातली एक वाकळ तेवढी उरली होती, तिच्यावरच ही नवी चढत होती. शिवता शिवता एकेका ठिगळावर बोट ठेवून बाया बोलायच्या : हा परकर जावेच्या पोरीचा, गोवरात गेली ती, ही बंडी थोरल्या दिरांची.

आठवण दगडातही ठेवतात. वेल्ह्यात मेंगाईच्या देवळापाशी वीरगळ आहेत. खालच्या चौकटीत लढाई, मधे अप्सरा वीराला वर नेतायत, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. लढून मेला त्याला दगड मिळाला. भातलावणीत कंबर मोडून गेलेलीला कोण दगड उभा करतो? पण त्या वीरांची नावं तरी आज कोण सांगतं? सांगणारं माणूस गेलं की दगड काय नि गोधडी काय, सारखंच.

त्या पोत्यांवरच्या गोधड्यांपायी वहिनीवर, म्हणजे आत्याच्या सुनेवर, माझा राग होता. परवा गेलो तर ती पत्र्याच्या शेडमध्ये शिलाई मशीनवर गोधडी शिवत होती. मधोमध आत्याची शेवटची साडी, गुळगुळीत पॉलिस्टरची. ही गोधडी रात्रभर अंगावरून घसरणार, हे तिलाही ठाऊक आहे. "दुसरं काय ऱ्हायलंय त्यांचं?" म्हणाली. गोधड्यांचा तो विषय मी काढला नाही. तिनंही नाही.

निघताना म्हणाली, "भावजी, मामांचं एखादं सुती कापड असंल तर बघा. अस्तराला पायजे."

वडिलांचे दोन सदरे आहेत माझ्याकडे. एक द्यावा म्हणतो. पण अस्तराला नाही, हे तिला सांगावं लागेल.